गुरुवारच्या ओळीतली रिकामी जागा

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. टाळायला कारणं कधी कमी पडली नाहीत. आधी नोकरी होती, मग पेन्शनचे कागद अडतील ही भीती होती, आणि त्यानंतर "आता कुणाला काय फरक पडतो" अशी स्वतःचीच समजूत घालणं होतं. पाच आठवड्यांपूर्वी रनाळ्याला घराच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो, तेव्हा दगडूचा फोन आला. दगडू आमच्या कोर्टातला शिपाई, माझ्याच वर्षी निवृत्त झालेला. त्याचा पुकारा पार बसस्टँडपर्यंत ऐकू जायचा आणि फोनवरही तो तसाच बोलतो. त्या दिवशी मात्र आवाज इतका खाली होता की कोण गेलं, हे मला दोनदा विचारावं लागलं.

"आपली टिकलीवाली मॅडम गयी ना, साहेब."

टिकलीवाली मॅडम म्हणजे सुमन वळवी. सातपुड्यातल्या एका वरच्या पाड्यावर जन्मलेल्या, पुढे कॉलेजात समाजशास्त्र शिकवणाऱ्या. आमच्या तालुका न्यायालयात त्यांनी दीड वर्ष बसून एका साध्या प्रश्नाचा छडा लावला: डोंगरातली माणसं कोर्टाच्या तारखेला का येत नाहीत? उत्तर सापडलं, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. नोकरीच्या पस्तीस वर्षांत तेवढा आनंद मला दुसऱ्या कशानं झाला नाही. आणि तेच उत्तर मी चार माणसांसमोर खोटं पाडलं, आणि काही वर्षांनी स्वतःचं म्हणून मिरवलंही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. बातमी ऐकून बायको म्हणाली, "आते तरी सांगी टाका. कितला वरीस पोटमा ठेवशात?" म्हणून लिहायला बसलो आहे.

मी तेव्हा फौजदारी बाजूचा बेंच क्लर्क होतो. न्यायाधीश साहेबांनी "पुढची तारीख" म्हटलं की डायरी उघडून तारीख मी द्यायचो. आरोपी तारखेला आला नाही की रोजनाम्यात "गैरहजर" लिहायचो. मग वॉरंट निघायचं आणि वॉरंट घेऊन गेलेला पोलीस "मिळून आला नाही" असा शेरा मारून परत यायचा. वरच्या गावांच्या फायलींवर अशा शेऱ्यांचा थर साचला होता. गुन्हे म्हणाल तर मोहाची दारू, जंगलातली चार लाकडं, लग्नात झालेली मारामारी. दंड भरून सुटावं असे. पण वॉरंटात पकडलेल्याला जामीनदार कुठला मिळणार? मूळ गुन्ह्याला जेवढी शिक्षा नाही, तेवढे दिवस माणूस आत बसायचा.

सुमनताई पहिल्या दिवशी आल्या त्या परवानगीचं पत्र, दोन वह्या आणि जेवणाचा डबा घेऊन. मला वाटलं, आली एक आंदोलनवाली. त्यांनी रोजनामे मागितले, चार दिवस मान खाली घालून वाचले आणि पाचव्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन विचारलं, "आप्पा, ही एवढी माणसं पळून जातात कुठे?"

"कुठे म्हणजे? डोंगरात."

"मी डोंगरातलीच आहे. तिथे पळून आलेलं कुणी मला तरी दिसलं नाही. सगळे आपापल्या घरीच असतात."

दगडू खो खो हसला. मलाही हसू आलं, पण मी ते दाबलं. तेव्हाच त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "माझ्याशी कुणीही काहीही बोलावं. माझ्या वहीत नाव येत नाही. आरोपीचं नाही, पोलिसाचं नाही आणि तुमचंही नाही." मी मान डोलावली आणि विसरून गेलो. त्या वाक्याची किंमत मला फार उशिरा कळली.

मग त्या कोर्टाच्या आवारातल्या कडुनिंबाखाली बसू लागल्या. रोजनाम्यात जे आलेले दिसतात ते आम्हाला ठाऊकच होते. त्यांना जे दिसत नाहीत ते हवे होते. फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येक डोंगरातल्या माणसाला त्या थांबवायच्या आणि त्याच्या बोलीत विचारायच्या: कशाला आलास, तुला कोणता दिवस सांगितला होता, कुणी सांगितला, घरून कधी निघालास? संध्याकाळी वही घेऊन माझ्याकडे यायच्या आणि आम्ही ते नंबर डायरीशी ताडून बघायचो. सुरुवातीला मी उपकार केल्यासारखा बसायचो. महिनाभरात माझीच नजर साडेपाचच्या काट्याकडे लागू लागली... आज काय निघतंय!

त्यांनी भिंतीवरचं त्या वर्षाचं एक कॅलेंडर मागून घेतलं आणि बाजारातून टिकल्यांची पाकिटं आणली. स्वतःच्या कपाळाला त्यांनी कधी टिकली लावलेली मी पाहिली नाही. दगडू म्हणाला, "मॅडम, कपायना टिकल्या भिंतले?" त्यावर त्यांनी त्याच्या हातावरच एक चिकटवली. नियम सोपा होता. कोर्टानं दिलेल्या तारखेवर लाल टिकली, आणि माणूस खरोखर ज्या दिवशी फाटकातून आत आला त्या दिवसावर हिरवी. लाल त्या लावायच्या. हिरव्या माझ्याकडे होत्या, कारण तारीख चुकवून आलेला माणूस शेवटी माझ्याच टेबलासमोर उभा राहायचा आणि मीच त्याला "तुझी तारीख गेली, जा" म्हणून परत लावायचो. रोजनाम्यात त्याची नोंद व्हायची नाही. चुकीच्या दिवशी आलेल्या माणसासाठी आमच्याकडे रकानाच नव्हता.

तो दिवस मला लख्ख आठवतो. फाल्गुन होता, दुपारी पंख्याचा वारासुद्धा गरम. मी टेबलावर वाकून एक हिरवी टिकली चिकटवली आणि सुमनताई एकदम माझा हात धरून म्हणाल्या, "थांबा आप्पा. मागे या. लांबून बघा." मी दोन पावलं मागे सरकलो. आपल्या मराठी कॅलेंडरात वार आडव्या ओळींत असतात ना... लाल टिकल्या सगळ्या मंगळवारच्या ओळीत होत्या, ते साहजिकच होतं. वरच्या गावांचं कामकाज आम्ही मंगळवारी ठेवायचो. पण हिरव्या? इकडेतिकडे विखुरलेल्या दोन-चार सोडल्या, तर बाकी सगळ्या एकाच ओळीत बसल्या होत्या. गुरुवारच्या.

"बाजार!" मी ओरडलोच. गुरुवार म्हणजे कोर्टाच्या गावचा आठवडे बाजार. डोंगरातून खाली येणारी जीप त्याच दिवशी भरते. वरची माणसं तारीख अशी मोजतच नाहीत, बाजार मोजतात. मी म्हणायचो, "सतरा तारखेला ये." तो विचारायचा, किती बाजारांनी? मी घाईत म्हणायचो, "तीन-चार." तो घरी जाऊन मोजायचा आणि बरोबर बाजाराच्या दिवशी हजर व्हायचा, दोन दिवस उशिरा, डोक्यावर पाटी घेऊन, कोर्टाला आलो म्हणून अगदी निश्चिंत. तोवर त्याचं वॉरंट निघालेलं असायचं!

सुमनताईंना बसवेना. त्या खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होत्या. "आप्पा, हे फरार नाहीत. हे आलेले आहेत. प्रत्येक जण आलेला आहे! मंगळवार कुणी ठरवला हो?" मी विचार केला. मंगळवारी ठाण्यातला कोर्टाचा पोलीस मोकळा असायचा, म्हणून कधीतरी कुणीतरी ठरवला होता. एवढंच कारण. दगडूनं चहा सांगितला आणि आम्ही तिघांनी कॅलेंडरसमोर उभ्यानं तो घेतला. दंड न वाढवता, पोलीस न वाढवता, नुसता वार बदलून माणसं तुरुंगाबाहेर राहू शकत होती. मी घरी जाऊन बायकोला ओळ समजावून सांगितली, चुलीसमोर हरभऱ्याचे दाणे ओळीत मांडून.

आता पुढचं. लेखणी इथेच अडत आली आहे.

ओळ सापडून महिना झाला नव्हता. त्या गुरुवारी सुमनताई कॉलेजच्या परीक्षेला गेल्या होत्या आणि आमच्याकडे तपासणीला वरचे अधिकारी आले होते. माझं टेबल फायलींनी भरलेलं. दुपारी एक माणूस समोर येऊन उभा राहिला. हुन्या. घराच्या छपरासाठी सागाचे दोन वासे तोडल्याची केस. त्याची तारीख मंगळवारी होऊन गेली होती आणि वॉरंटही निघालं होतं. मला सगळं माहीत होतं. तो का आज आला, हे त्या अख्ख्या इमारतीत मला सगळ्यात चांगलं माहीत होतं. त्याला उचलून साहेबांसमोर उभा केला असता, तर पाच मिनिटांत वॉरंट रद्द झालं असतं. पण तपासणीच्या दिवशी मध्येच हा कुठे घालायचा? मी वर न बघताच म्हणालो, "तारीख गेली. जा. नंतर बघू." तो गेला. आठ दिवसांत पोलिसांनी त्याला घरून उचललं. पूर्ण पावसाळा तो तुरुंगात होता आणि त्याचं शेत त्या वर्षी पेरलं गेलं नाही.

सुमनताई परत आल्या, त्यांनी रजिस्टरमध्ये त्याचा नंबर पाहिला आणि लाल टिकली लावली. "हा आला होता का, आप्पा?"

"नाही," मी म्हणालो. "हा आलाच नाही."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि पान उलटलं.

पावसाळ्याच्या शेवटी त्यांचा अहवाल तयार झाला. वरिष्ठ न्यायाधीश, पोलीस आणि वन खात्याचे अधिकारी, वकील अशांची बैठक भरली. सुमनताईंनी कॅलेंडर भिंतीला लावलं आणि इतक्या उत्साहानं सगळं सांगितलं की कंटाळून आलेली माणसंसुद्धा खुर्चीत पुढे सरकली. मग वरिष्ठ साहेबांनी योग्य तोच प्रश्न विचारला. "ही माणसं गुरुवारी येत होती, असं ती स्वतः म्हणतात. त्याला आधार काय? कोर्टात कुणी पाहिलं?" आणि ते माझ्याकडे वळले. "काय हो, तुमच्याकडे येत होती का अशी माणसं?"

हो म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग तुम्ही त्यांचं काय केलंत? आणि हुन्या त्या दिवशीसुद्धा आतच होता.

"नाही, साहेब," मी म्हणालो. "एखादा कधीतरी. असं काही नसतं."

भिंतीवरच्या त्या हिरव्या टिकल्या मी स्वतःच्या बोटांनी चिकटवलेल्या होत्या. सुमनताईंनी नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "माझी माहिती खरी आहे, सर. देणाऱ्यांची नावं मी सांगू शकत नाही." ऐकीव माहिती म्हणून अहवाल बाजूला ठेवला गेला. बाहेर आल्यावर त्यांनी कॅलेंडरची गुंडाळी काखेत मारली आणि मला म्हणाल्या, "चहा घेणार, आप्पा?" मी नको म्हणालो. त्या थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "नाव वहीत येत नाही म्हटलं होतं ना मी. मग तोंडातही येत नाही." मला वाटलं, त्या चिडतील. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तीन वर्षं फायलींवर शेरे साचत राहिले. मग एक तरुण न्यायाधीश बदलून आले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "हे वरच्या गावांचं वॉरंटचं काय आहे? काही उपाय?" बांध फुटावा तसं माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. कामकाज गुरुवारी ठेवा, साहेब. तारखेच्या चिठ्ठीवर आकड्याबरोबर गोल काढून द्या, जितके बाजार तितके गोल. प्रत्येक बाजाराला एक खोडायचा आणि शेवटच्या गोलाला यायचं. साहेब खूश झाले. "कुणाच्या डोक्यातून निघालं हे?" मी म्हणालो, "अनुभवातून, साहेब."

आणि ते चाललं! पहिल्या गुरुवारी दगडूनं पुकारा केला आणि बाहेरून "हाव!" असं उत्तर आलं, तेव्हा तो इतका दचकला की पुढचं नाव वाचायचं विसरला. वर्षानुवर्षं भिंतींना हाका मारणाऱ्या माणसाला उत्तरं मिळू लागली. बाया पाठीला पोर बांधून, हातात खोडलेल्या गोलांची चिठ्ठी घेऊन यायच्या आणि ती मला परीक्षेच्या पेपरासारखी दाखवायच्या. आसपासच्या कोर्टांतून माणसं बघायला आली. मला प्रशस्तिपत्र मिळालं, काचेच्या चौकटीत.

महिन्याभरानं सुमनताई आल्या. मी खुर्चीतून उठलो. त्यांनी एका म्हाताऱ्याच्या हातातली चिठ्ठी घेतली, गोल मोजले आणि लहान मुलीसारख्या उजळल्या. "आप्पा, चाललं की हो! मोजलंत का?"

"काय मोजायचं? दिसतंय ना."

"दिसतंय म्हणू नका. दिसतंय म्हणूनच तर मंगळवार चालला होता इतकी वर्षं. कोण आलं नाही ते मोजा." आणि तिथेच बसून त्यांनी दोन तास न आलेल्यांचे नंबर काढले. बहुतेक जण ऊसतोडीला गुजरातेत गेलेले निघाले. "हे बाजार त्यांनी तिकडच्या फडात बसून मोजायचे का? जाणाऱ्याला आधीच विचारा, कधी जाणार, कधी येणार. होळीला तर सगळे घरी येतातच. त्याच्या पुढची तारीख द्या." आम्ही तसंही केलं. श्रेयाबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, "पावसाळ्यात नाल्याला पूर आला की जीप बंद असते. तेही बघा."

निवृत्तीनंतर मी कितीदा ठरवलं. गेल्या वर्षी त्या फार आजारी असल्याचं कळलं, तेव्हा प्रशस्तिपत्र चौकटीतून काढलं, पिशवीत घातलं आणि नंदुरबारला त्यांच्या घरी गेलो. वाक्य पाठ केलं होतं. त्यांची भाची रेखा त्यांच्याजवळ राहायची. तिनं उशी लावून त्यांना बसवलं. मी तोंड उघडणार तोच त्या म्हणाल्या, "बरं झालं आलात! एक गंमत सांगते. आता तारखेचा मेसेज मोबाईलवर येतो म्हणे. मी इथे भेटायला येणाऱ्यांना विचारतेय, मोबाईल कुणाच्या खिशात असतो? पोराच्या! आणि पोरगा कुठे? सुरतेला! म्हणजे तारीख सुरतेला जाते आणि आरोपी डोंगरात..." त्यांना धाप लागली, तरी हसत होत्या. "लिहून घ्या, आप्पा. तुमचं अक्षर चांगलं आहे." मी लिहून घेऊ लागलो. काय सांगू, पुन्हा ते साडेपाच वाजल्यासारखं झालं! कुणाकुणाला विचारायचं, गावातल्या कुणाच्या फोनवर मेसेज पाठवला तर पोचेल, आधी दोनच गावांत करून बघायचं का... रनाळ्याची शेवटची गाडी गाठायला मी धावत निघालो आणि गाडीत बसल्यावर लक्षात आलं, प्रशस्तिपत्र पिशवीतच आहे.

त्यांच्या दिवसकार्यानंतर रेखानं मला वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक सुरळी दिली. "आत्या म्हणाली होती, हे आप्पांचं आहे." तेच कॅलेंडर. लाल टिकल्या गुलाबी पडलेल्या, हिरव्या बऱ्याचशा निघून नुसते डिंकाचे ठसे उरलेले. एप्रिलच्या पानावर गुरुवारच्या ओळीत एक जागा होती, तिथे डिंक नव्हता. तिथे पेन्सिलीनं एक छोटा गोल काढलेला होता, टिकलीच्या मापाचा. बाजूला नंबर नाही, नाव नाही. मला नावाची गरज नव्हती.

पुढच्या गुरुवारी मी कोर्टाच्या गावच्या बाजारात गेलो. हुन्या आमचूर घेऊन बसतो, हे दगडूला माहीत होतं. केस पांढरे, पण ओळखू आला. मी समोर उकिडवा बसलो आणि म्हणालो, "तू त्या दिवशी कोर्टात आला होतास. मीच तुला परत पाठवलं."

"हां," तो म्हणाला. "तू बोलला, तारीख गेली. मग मी गेलो."

"बाईंना माहीत होतं का?"

"बाई आली ना तुरुंगात भेटायला, पेरणीच्या दिवसांत. मी सांगितलं. ती बोलली, आप्पा स्वतः सांगेल, तेव्हा लावू." त्याला काय लावायचं ते कळलेलं नसावं. त्यानं हातानं माशी वारली आणि विचारलं, "आमचूर घेतो का?"

त्यानं मला माफ केलं का, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. ते विचारण्याचा हक्क मला वाटला नाही. म्हणजे बैठकीत मी "नाही, साहेब" म्हणालो, तेव्हा सुमनताईंना हुन्याचं सगळं ठाऊक होतं. तरी त्या गप्प राहिल्या आणि पेन्सिलीचा गोल तेवढा मोकळा ठेवून माझी वाट पाहत बसल्या... वीस वर्षं.

कॅलेंडर आता आमच्या पुढच्या खोलीत, प्रशस्तिपत्राच्या जागी आहे. बायकोनं बाजारातून हिरव्या टिकल्यांचं पाकीट आणलं. काल सकाळी चष्मा लावून एक टिकली त्या गोलात बसवली. दोन पावलं मागे सरकलो, लांबून पाहिलं, त्यांनी शिकवलं होतं तसं. ओळ पुरी झाली. आणि गाडीत, ओट्यावर, देवासमोर इतक्या वेळा घोकलेलं ते वाक्य त्या रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणालो:

सुमनताई, हुन्या आला होता. गुरुवारी आला होता. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो, आणि बैठकीतही. ओळ तुमची होती. मला माफ करा.